जुन्या मर्सिडीजची बखर

नेरूळच्या एखाद्या जुन्या सेक्टरमध्ये संध्याकाळी चक्कर मारली, की सोसायटीच्या कुंपणाला लागून एखादी लांबलचक गाडी खोळ घालून उभी दिसते. एमएच ४३ ची पाटी, दहा-बारा वर्षांचं वय आणि बॉनेटवर जर्मन कंपनीचं चिन्ह. तशीच एक गाडी मोबाइलवरच्या जाहिरातीतही भेटते: 'एकच मालक, डॉक्टरांची गाडी, अगदी नव्यासारखी.' किंमत बघून डोळे चमकतात, कारण तेवढ्यात शोरूममधून नवी हॅचबॅक येते. मग घरात दोन पक्ष पडतात. मुलगा म्हणतो, 'बाबा, एवढ्या पैशात मर्सिडीज!' बाबा म्हणतात, 'हत्ती विकत घेशील रे, पण त्याला रोज चारा कोण घालणार?'

हा वाद पैशाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी इतिहासाचे दोन प्रश्न आहेत. आपल्याकडे जुनी आलिशान गाडी एवढी स्वस्त कधीपासून झाली आणि का? आणि समोर उभी असलेली ही एक गाडी आजवर नेमकी कशी जगली?

पहिल्या प्रश्नासाठी नेरूळहून खाडी ओलांडून कुर्ल्याला जावं लागतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात आणि पुढे फियाट आली. त्याआधी १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं ठरलं, की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मोटारींची आयातही जवळजवळ बंद झाली.

त्यानंतरची तीसेक वर्षं आजच्या तरुण वाचकाला उलट्या जगातली वाटतील. फियाट हवी तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नवी गाडी सरकारी भावाने मिळे, पण ती हातात येईपर्यंत थांबणं ज्याला परवडत नसे तो वापरलेली गाडी नव्यापेक्षा जास्त पैसे मोजून घेई. ताबा मिळताच गाडी विकून नफा कमावू नये म्हणून ठरावीक मुदतीपर्यंत विक्रीवर सरकारी निर्बंधसुद्धा होते. गाडी जुनी झाली म्हणून किंमत पडते, हा नियमच तेव्हा पुरता लागू नव्हता.

आलिशान गाडीचं तर विचारूच नका. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी वापरलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळाकडे, म्हणजे एसटीसीकडे जात आणि तिथून त्यांची विक्री होई. सिनेनटांच्या दारात दिसणारी शेव्हरोले इम्पाला हे त्या काळाचं स्वप्न. म्हणजे त्या पिढीची चैन बरेचदा 'सेकंडहँड'च होती. फक्त ती स्वस्त नव्हती.

देशी चैनीचे प्रयत्नही झाले. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा आणली. १९८५ च्या सुमारास स्टँडर्ड २००० आली. तिचं रूप ब्रिटनच्या रोव्हरचं आणि पोटात मात्र जुन्या घराण्याचं इंजिन. ती चालली नाही. वरून भारी दिसणारी गाडी आतून काय आहे, हे विचारायचा धडा तेव्हाच मिळाला होता.

मर्सिडीजचा तारा मात्र या मातीला नवा नव्हता. १९५४ पासून १९६९ पर्यंत टाटांच्या ट्रकांवर तोच तारा होता, कारण टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार होता. मोटारीवर बसून तो परतला उदारीकरणानंतर. १९९४ मध्ये टेल्कोशी भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडली जाऊ लागली. ते होतं डब्ल्यू १२४ हे मॉडेल. गंमत अशी, की त्याच वर्षी युरोपात त्याची पुढची पिढी बाजारात आली. आपली पहिली 'नवी' मर्सिडीज तिकडे निवृत्त होणारी गाडी होती. पुढे २००९ मध्ये कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली.

मधल्या काळात आयातीचं दारही किलकिलं झालं. २००१ पासून वापरलेली परदेशी मोटार आणायला परवानगी मिळाली, पण ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती उतरणार फक्त मुंबई बंदरात, अशा अटी होत्या. ज्या देशाने चाळीस वर्षं जुन्या परदेशी गाडीला मान दिला, तोच देश आता तिला दारात अडवून वय विचारू लागला.

आणि मग किंमत कोसळली. हप्त्यांवर नवी गाडी सहज मिळू लागली, दर काही वर्षांनी नवं मॉडेल येऊ लागलं, आणि पहिल्या मालकाला कालचं मॉडेल नकोसं झालं. विमा कंपन्यांचं कोष्टकच बघा: गाडी चार वर्षांपुढे गेली, की तिच्या मूळ किमतीतून ५० टक्के घसारा धरतात. पाच वर्षांनंतर तर विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत किंमत ठरवायची.

पण टंचाई संपली एवढंच याचं कारण नाही. दुसरं कारण दुरुस्तीचं आहे. पद्मिनी बिघडली तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात भाग मिळे आणि नाक्यावरचा मिस्त्री आवाज ऐकून दुखणं सांगे. म्हणून ती टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत मुंबईत धावली. दहा-बारा वर्षांच्या जर्मन गाडीचं दुखणं कानाला कळत नाही. गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, सगळ्यांचे छोटे संगणक असतात आणि त्यांच्याशी बोलायला कंपनीचं यंत्र लागतं. गाडीची किंमत पडली, भागांची पडली नाही. हॅचबॅकच्या भावात घेतलेल्या मर्सिडीजला भाग मात्र मर्सिडीजच्याच भावाने लागतात. जाहिरातीत दिसणारी सूट म्हणजे पुढच्या बिलांची आगाऊ सूचना असते. बाबांचा हत्ती इथे खरा ठरतो.

तरीही मुलाचं म्हणणं उडवून लावता येत नाही. नीट सांभाळलेली जुनी गाडी खरंच असते. प्रश्न एवढाच, की ती नीट सांभाळलेली आहे हे कळणार कसं? इथे दुसरा प्रश्न येतो, आणि त्यासाठी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवावेत. त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद बघा, हा त्यांचा आग्रह. बखर नंतर लिहिली जाते, कुणाला तरी पटवण्यासाठी. पत्र त्या दिवशी लिहिलेलं असतं.

विक्रेत्याची जाहिरात ही बखर. पॉलिश, नवे सीट कव्हर, धुतलेलं इंजिन हीसुद्धा बखरच. अस्सल कागद म्हणजे सर्व्हिसची बिलं. त्यांवर तारीख असते, किलोमीटर असतात. ती ओळीने लावली, की दोन गोष्टी दिसतात: किलोमीटरचा आकडा कुठे मागे गेला का, आणि मध्ये किती काळ काहीच नोंद नाही. दोन वर्षांचं रिकामं पान हा इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा असतो.

कागद नसतील तर वस्तूच बोलतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. काचांवरही बनावटीच्या वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका काळच्या आणि एकच वेगळी असेल, तर का ते विचारायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. धुण्याचं पाणी तिथवर पोहोचत नाही, पुराचं पोहोचतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा गाड्या पाण्यात बुडालेल्या या महानगराने पाहिल्या आहेत, आणि पाणी शिरलेल्या संगणकाचं दुखणं महिन्यांनी वर येतं. म्हणून गालिचा उचलून, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघायला लाजू नये.

नेरूळने या तपासणीत आपली दोन कलमं घातली आहेत. पाम बीच रस्त्यालगत खाडी आणि कांदळवन आहे. खारी, दमट हवा पत्र्याला पोटातून खाते, आणि वरचा रंग ते सांगत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची. दुसरं कलम जागेचं. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या आराखड्याचा भर सार्वजनिक वाहतुकीवर होता. १९९३ मध्ये लोकल नेरूळला पोहोचली. जुन्या सेक्टरांतल्या इमारती दारोदारी मोटार येईल असं धरून बांधलेल्या नव्हत्या. लांब गाडी गल्लीत उभी राहिली, की ओरखडे आणि वाकलेले आरसे ठरलेले. आणि घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या होणार असतील तर डिझेल टाळावं. धूर गाळणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला अधूनमधून लांब पल्ला लागतो, नाहीतर तो फिल्टर तुंबतो.

कायद्याचंही घड्याळ चालू असतं. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरायचा. फेरनोंदणीचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. आयात केलेल्या गाडीला ते ४०,००० रुपये ठरलं. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेलवर आणि १५ वर्षांच्या पेट्रोलवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या दुसऱ्या राज्यांत जाऊ लागल्या. तशी गाडी स्वस्त दिसली तर ना-हरकत दाखला आणि इथे नव्याने भरायचा कर हिशेबात धरावा. कायदा ५० वर्षांपुढच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान देतो. १५ आणि ५० च्या मध्ये ती फक्त जुनी असते.

मग घ्यावी का? घरातली एकुलती एक गाडी म्हणून, कर्ज काढून, नाही. ती कार्यशाळेत पंधरा दिवस पडली तर आजीला दवाखान्यात नेणार कशात? पण दुसरी गाडी म्हणून, पेट्रोलची, नोंदणीची निदान चार-पाच वर्षं शिल्लक असलेली, सलग बिलांची फाइल असलेली मिळाली आणि एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे बँकेत वेगळे ठेवता आले, तर जरूर घ्यावी. चैन म्हणून ती वाईट नाही.

फाइल मागितल्यावर विक्रेता 'अहो, डॉक्टरांची गाडी आहे' एवढंच म्हणाला, तर त्याचा चहा प्यावा आणि हार्बर लाइनने घरी यावं. फाइल निघाली तर ती घरी नेऊन बाबांपुढे ठेवावी. हत्तीने आजवर किती चारा खाल्ला ते त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढे किती खाईल याचा अंदाज बाबा तुमच्यापेक्षा चांगला बांधतील.