शब्दवेध : कुलकर्णी

‘कुलकर्णी’ हे आडनाव गावावरून नव्हे, कामावरून पडले. कुल म्हणजे जमीन कसणारे कूळ. करण म्हणजे लिहिणारा, हिशेबनीस. प्रत्येक कुळाची जमीन, पीक आणि सारा यांची नोंद ठेवणारा तो कुलकर्णी. गावचा कारभार पाटलाकडे, दप्तर कुलकर्ण्याकडे. परगण्यात हीच जोडी देशमुख-देशपांडे यांची. वतन वंशपरंपरेचे, म्हणून हुद्द्याचे आडनाव झाले. गावोगावी वेगळा कुलकर्णी असल्याने एकमेकांशी नाते नसलेली असंख्य घराणी हेच आडनाव लावू लागली. मुंबई राज्याच्या १९५०च्या कायद्याने ही वतने संपली, आडनाव राहिले.

आणि ते दप्तराबाहेर किती दूर गेले! जी. ए. कुलकर्णींनी मराठी कथेला नियतीचा गूढ, काळोखा प्रदेश दिला. धोंडूताई कुलकर्णींनी जयपूर-अत्रौली गायकी निष्ठेने जपली. कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी १९८२ साली पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्या चमूत होते. फिरकीपटू नीलेश कुलकर्णींनी १९९७ साली कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला; अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय.

शब्दांचे दप्तर सांभाळणारेही एक कुलकर्णीच : ‘मराठी व्युत्पत्तिकोश’कार कृ. पां. कुलकर्णी. वाचकहो, तो कोश उघडा आणि आपल्या आडनावामागचे कामही शोधा.