चित्रकथीचा राक्षस

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण लागते. पैठण म्हटले की संत एकनाथ आणि पैठणी आठवते. तिथली राक्षसांची चित्रे सहसा आठवत नाहीत. दिनकर केळकर यांनी पैठणमधून जमवलेली ही चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. एका बाजूने दाखवलेले चेहरे, टपोरे डोळे, सुळे काढलेले राक्षस, झेपावणारा हनुमान : रामायण-महाभारतातले अद्भुत इथे ठसठशीत रंगांत उभे राहते.

मात्र ही चित्रे भिंतीवर लावण्यासाठी नव्हती. चित्रकथी गावोगाव हिंडत, एकेक पान प्रेक्षकांसमोर धरत आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगत. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही चित्रकथकाचा उल्लेख आहे.

जपानी काष्ठमुद्रित चित्रांशी तुलना केली, तर या परंपरेचे वेगळेपण स्पष्ट होते. होकुसाईने १८३०च्या दशकाच्या आरंभी ‘शंभर कथा’ ही चित्रमालिका केली. तिची पाचच चित्रे ज्ञात आहेत. त्यांपैकी एकात विश्वासघाताने मेलेल्या ओइवाचा चेहरा फाटक्या कागदी कंदिलात प्रकटतो. मालिकेचे नाव एका खेळावरून आले. रात्री जमून शंभर दिवे लावायचे आणि भुताची एकेक गोष्ट संपताच एकेक दिवा मालवायचा. म्हणजे तिथेही भूत सांगण्यातूनच जन्मते. पण ओइवाची कथा १८२५पासून काबुकी रंगभूमीवर होती आणि चित्रांच्या अनेक प्रती छापून विकल्या जात. चित्रकथीचे चित्र हाताने काढलेले आणि त्याची कथा सांगणाऱ्याच्या मुखी.

रामकथा तर सर्वांना ठाऊक आहे, असे यावर कुणी म्हणेल. परंतु एखाद्या राक्षसापाशी चित्रकथी किती थांबे, त्याच्या तोंडी कोणते शब्द घाली, हे एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’त सापडणार नाही. पानांचा क्रम हीच त्या कथनाची उरलेली संहिता होय. एक पान सुटे करून चौकटीत बसवले की चित्र टिकते, पण संहिता तुटते. आपण मात्र ही चित्रे कलेतिहासाकडे सोपवून मोकळे होतो.

पैठणच्या चित्रांशी नाते सांगणारी चित्रकथीची परंपरा सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मराठीच्या विद्यार्थ्यांनी तिथे चित्रे पाहायला जावे, आणि त्याहून अधिक ती ऐकायला. राक्षसाचे रूप संग्रहालयाने सांभाळले. त्याचा आवाज टिपून ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.