जमीन सर्वांची, घर ज्याचं त्याचं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१८ एप्रिल १९५१. विनोबा भावे पदयात्रा करत तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात आले होते. तिथल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेतच विचारलं, की गावातलं कुणी जमीन देईल का? रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाची ही सुरुवात आपण शाळेत वाचलेली असते. पण पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या या माणसाच्या विचाराचा एक धागा पुढे अमेरिकेतल्या साध्यासुध्या घरांपर्यंत पोहोचला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आज त्या धाग्याविषयी बोलायचं आहे.

भूदानातली एक अडचण लवकरच लक्षात आली. जमीन मिळाली, पण बैल नाहीत, बियाणं नाही. मग कर्ज काढायचं आणि ते फिटलं नाही, की जमीन पुन्हा सावकाराच्या घशात. म्हणजे जमीन गरिबाला नुसती देऊन भागत नाही, ती त्याच्याकडे राहिली पाहिजे. यावरचा उपाय ग्रामदानात होता. १९५२ साली उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावापासून त्याचा आरंभ झाला. जमिनीची मालकी गावाची. शेतकऱ्यानं ती पिढ्यान्‌पिढ्या कसावी, पण बाहेरच्याला विकू नये.

हा विचार अमेरिकेत ज्यांनी उचलला, त्यांत रॉबर्ट स्वान हे प्रमुख. घरं बांधणं हा त्यांचा व्यवसाय. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिल्यामुळे त्यांनी तुरुंगवास भोगला होता. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा हक्कांचा लढा ऐन भरात होता. मतदार म्हणून नाव नोंदवलं, एवढ्या कारणावरून गोऱ्या जमीनदारानं कुळाला शेतावरून आणि राहत्या खोपटातून हाकलावं, असे प्रकार घडत होते. पायाखाली स्वतःची जमीन नसेल, तर मताचा हक्क वापरायचा कसा, हा तिथला रोकडा प्रश्न होता.

जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी शहरातले स्लेटर किंग आणि चार्ल्स शेरॉड हे या लढ्यातले कार्यकर्ते. १९६८ साली ते स्वान यांच्यासह इस्रायलला गेले आणि भाडेपट्ट्याच्या जमिनीवर वसलेली सहकारी गावं त्यांनी पाहिली. ग्रामदानाची कल्पना स्वान यांच्या मनात होतीच. पुढच्याच वर्षी 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था स्थापन झाली आणि तिनं सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. आज ज्याला 'कम्युनिटी लँड ट्रस्ट' म्हणतात, म्हणजे लोकांनी मिळून राखलेला भूमी न्यास, त्याचा हा पहिला नमुना.

श्रोतेहो, या पहिल्या प्रयोगाची अखेर मात्र दुःखद झाली. राज्य सरकारच्या विरोधामुळे गाव वसवण्यासाठीचा निधी मिळाला नाही. मग दुष्काळ पडला, सरकारी शेतीकर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये कर्जापायी सगळी जमीन गेली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज देताना भेदभाव झाला, याबद्दलचा दावा पुढे न्यायालयात गेला. त्यातून २००९ साली संस्थेला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मंजूर झाली आणि २०११ मध्ये तिनं ऑल्बनीजवळ पुन्हा १,६३८ एकर जमीन घेतली.

जमीन गेली, तरी कल्पना टिकली. १९८४ साली व्हरमॉन्ट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात ती शहरी घरांसाठी वापरली गेली. बर्नी सँडर्स तेव्हा तिथले महापौर होते. नगरपालिकेनं २ लाख डॉलर दिले आणि भूमी न्यास उभा राहिला. त्याची रीत समजायला सोपी आहे. घराखालची जमीन न्यासाची. कुटुंब फक्त वरचं घर विकत घेतं आणि जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं वापरतं. जमिनीची किंमत वगळल्यामुळे घर परवडतं. घर मुलांना देता येतं, विकताही येतं. पण विकण्याच्या किमतीला नियम आहे. मालकानं भरलेले पैसे त्याला परत मिळतात आणि वाढलेल्या किमतीतला फक्त चौथा हिस्सा मिळतो. समजा, घराची किंमत १० लाखांनी वाढली, तर विकणाऱ्याला अडीच लाख. उरलेले साडेसात लाख कुणाच्याच खिशात जात नाहीत. पुढच्या कुटुंबाला घर तेवढं स्वस्त पडतं.

यात विकणाऱ्यावर अन्याय नाही का? शंका रास्त आहे. घर हीच मध्यमवर्गाची जन्माची पुंजी असते. पण त्याला ते घर स्वस्त मिळालं होतं सार्वजनिक पैशामुळे. तो पैसा एकाच कुटुंबावर संपवायचा, की पाठोपाठ येणाऱ्या दहा कुटुंबांच्या कामी आणायचा, हा खरा सवाल आहे. अडीअडचणीत कर्जदाराला सांभाळून घेण्याचं कामही न्यास करतो. अमेरिकेत गृहकर्जांचं संकट कोसळल्यानंतर, २०१० च्या अखेरीस बाजारातल्या दर १०० गृहकर्जांपैकी साडेचारांहून अधिक कर्जांत जप्तीची कारवाई चालू होती. भूमी न्यासांच्या घरांत हे प्रमाण शंभरात अर्ध्याहूनही कमी होतं.

मग आपल्या सहकारी गृहसंस्था याच वाटेवरच्या नाहीत का? त्या मूळच्या अशाच होत्या. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती आशियातली पहिली मानली जाते. रावबहादूर तालमकी तिचे प्रणेते. त्या काळच्या कल्पनेप्रमाणे इमारत संस्थेची आणि सभासद तिचे भाडेकरू. मालक आणि भाडेकरू एकच. पुढे सभासद फ्लॅटचा मालक झाला आणि फ्लॅट बाजारभावानं विकू लागला. आज महापालिका हद्दीत फ्लॅट कोटी रुपयांना गेला, तरी संस्थेला हस्तांतरणाचे जास्तीत जास्त २५ हजार मिळतात. बाकीची वाढ विकणाऱ्याची.

न्यूयॉर्कमध्येही हेच घडलं. अब्राहम कझान या कामगार पुढाऱ्यानं १९२७ साली ब्राँक्समध्ये कपडे शिवणाऱ्या कामगारांची सहकारी वसाहत उभारली. विक्रीच्या किमतीवरची मर्यादा तिथे आजही आहे. त्यांनीच मॅनहॅटनमध्ये उभ्या केलेल्या काही वसाहतींत मात्र १९९० च्या दशकात सभासदांनी मत देऊन ती मर्यादा काढून टाकली. सहकारात नियम सभासदांच्या हातात असतो आणि भाव चढले, की मोह कुणाला आवरत नाही. म्हणून भूमी न्यासाच्या कार्यकारिणीत साधारणपणे एक तृतीयांश घरमालक, एक तृतीयांश परिसरातले इतर रहिवासी आणि एक तृतीयांश समाजाच्या वतीनं बसणारे लोक असतात. ज्यांना अजून घर मिळालेलं नाही, त्यांचीही बाजू तिथे मांडली जावी, हा हेतू.

म्हाडाच्या सोडतीत घर लागलं, की त्या घरी पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. घर ठरावीक वर्षं विकता येत नाही. ती वर्षं संपली, की ते बाजारभावानं विकता येतं आणि सोडतीच्या रांगेतल्या पुढच्या माणसासाठी सरकारला पुन्हा नवी जमीन, नवा पैसा शोधावा लागतो. गरिबाला मिळालेली जमीन त्याच्याकडे टिकावी, म्हणून विनोबांच्या ग्रामदानानं ती गावाच्या नावावर केली. परवडणारं घर पहिल्या मालकानंतरही परवडणारं राहावं, म्हणून बर्लिंग्टननं तेच केलं. सार्वजनिक जमिनीवर पुढची वसाहत बांधताना पहिल्या कुटुंबाच्या हाती किल्ली देण्याआधीच दुसऱ्या कुटुंबाचाही विचार करून ठेवायला काय हरकत आहे?