जुना कॅमेरा, नवी जोखीम: खानदेशातून पाहिलेला एक इतिहास

कॅमेरा नवा घ्यावा की जुना, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याला मोडी कागदांची, हस्तलिखित बाडांची किंवा जुन्या नियतकालिकांच्या पानांची छायाचित्रे घ्यावयाची आहेत, त्याला तो टाळता येत नाही. आज मोबाइलवर पुष्कळ काम भागते हे खरे. तरीही फिकट पडलेली शाई, समासातील बारीक टीप, पाठीमागच्या मजकुराची उमटलेली छाया यांसाठी चांगली लेन्स लागते आणि प्रकाश आपल्या हाती असावा लागतो. शिष्यवृत्तीच्या रकमेत नवा डीएसएलआर बसत नाही. मग 'रिफर्बिश्ड' असे लेबल लावलेला जुना कॅमेरा समोर येतो आणि तो घ्यावा की न घ्यावा, या विचारात आठवडे जातात.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा बाजारभावाच्या भाषेत दिले जाते. प्रस्तुत लेखात तो इतिहासाच्या भाषेत मांडून पाहावयाचा आहे. खानदेशात, त्याच्या शेजारी आणि एकूण महाराष्ट्रात कॅमेऱ्याने गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जे काम केले, ते पाहता असे दिसते की जोखीम यंत्राच्या वयात फारशी नसते. ती दोन ठिकाणी दडलेली असते: यंत्र उघडून पाहणारा माणूस जवळ आहे की नाही, आणि हातातले काम पुन्हा करता येण्याजोगे आहे की नाही.

कोरी काच आणि जुनी पेटी

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी रेल्वेने येणारा प्रवासी तेथे जळगाव-भुसावळकडूनच जातो. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल १८४०च्या दशकात भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामगिरीवर अजिंठ्यास आला आणि या मुलखाचाच होऊन राहिला. वर्षानुवर्षे राबून त्याने केलेली मोठमोठी तैलचित्रे लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली. १८६६च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. पुढे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा नकला करविल्या. त्यांतल्याही अनेक १८८५मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

गिलने दरम्यान कॅमेराही हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ १८६४मध्ये निघाले. त्यांपैकी लेण्यांवरील ग्रंथात त्याची ७४ छायाचित्रे आहेत. ग्रंथरूपाने अनेक प्रती झाल्या, म्हणून ती आजही पाहावयास मिळतात. १८७९मध्ये गिल वारला. त्याचे दफन भुसावळला झाले.

या हकिकतीतून आपल्या प्रश्नापुरत्या दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, जे काम पुन्हा होऊ शकत नाही त्याची एकच प्रत ठेवणे ही सर्वांत मोठी जोखीम होय. अजिंठ्याचे रंग दरवर्षी झिजत होते. १८५० सालची भिंत १८७२मध्ये जशीच्या तशी उरली नव्हती. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी नवी काच लागे. प्रकाश टिपणारा पृष्ठभाग दर खेपेस कोरा असे; कॅमेरा म्हणजे काळोख धरून ठेवणारी पेटी आणि तिच्या तोंडाशी बसवलेले भिंग, एवढेच. पुढे फिल्म आली तरी हे तत्त्व बदलले नाही. पेटी वीस वर्षांची असो की चाळीस, आत घातलेला रोल ताजा असला की चित्र ताजे येई. म्हणूनच फिल्मच्या काळात जुना कॅमेरा विकत घेणे हा व्यवहार पिढ्यानपिढ्या निर्धास्तपणे चालत आला.

चोरबाजारातून कोल्हापूरकडे

मराठी चित्रपटाच्या आरंभकाळात या व्यवहाराने फार मोठे काम केले आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेहून कॅमेरा मागवला आणि मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. पुढे त्यांनी या व्यवसायातून अंग काढून घेतल्यावर ते यंत्र श्रीनाथ पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेले, आणि तेही चित्रपटनिर्मितीत उतरले. एकाने थांबवलेले काम दुसऱ्याने त्याच यंत्रावर सुरू केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेतला तो नवा. पण त्या नवेपणाची किंमत म्हणून त्यांना आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकाव्या लागल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

ज्यांच्यापाशी गहाण टाकण्यासारखे काही नव्हते, त्यांचा मार्ग कोल्हापुरात दिसतो. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आतेमामे भाऊ फाळक्यांचा चित्रपट पाहून या कलेकडे ओढले गेले. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र आणले. त्यावर खेळ केले आणि त्याच वेळी त्याची रचना अभ्यासली. फिल्म क्षणभर थांबवून पुढे सरकवणारी जी यंत्रणा प्रोजेक्टरमध्ये असते, तीच थोड्या फरकाने कॅमेऱ्यात लागते. १९१६मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

चोरबाजारातील खरेदी जोखमीची नव्हती काय? होतीच. परंतु ते यंत्र उघडता येत होते, दाते मोजता येत होते, मोडलेला भाग कातून घेता येत होता. घेणाऱ्याची खरी गॅरंटी विक्रेत्याच्या शब्दात नव्हती, स्वतःच्या बोटांत होती.

चाळीसगाव आणि मालेगाव

कोल्हापूरची ही कारागिरी खानदेशात दोन निराळ्या रूपांत दिसते. पहिले रूप चाळीसगावचे. केकी मूस (१९१२–१९८९) हे विलायतेतून कलेचे शिक्षण घेऊन परतले आणि रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात त्यांनी पुढील आयुष्य जवळजवळ एकांतात काढले. घराचा उंबरठा ते क्वचितच ओलांडत. त्यांची ख्याती आहे ती 'टेबलटॉप' छायाचित्रांसाठी: टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, त्यांवर नेमका प्रकाश टाकून त्यांनी अशी निसर्गदृश्ये उभी केली की पाहणाऱ्यास ती दूरदेशीची वाटावीत. येथे कॅमेऱ्याची किंमत हा प्रश्नच गौण ठरतो, कारण टेबल उद्याही तेथेच असते. चित्र बिघडले तर मांडणी पुन्हा करावी, दिवा थोडा सरकवावा, पुन्हा टिपावे. ज्याच्यापाशी वेळ आणि पुनरावृत्तीची मुभा आहे, त्याला जुने यंत्र फसवू शकत नाही. फार तर उशीर करू शकते.

दुसरे रूप मालेगावचे. हे गाव शासनाच्या नकाशात नाशिक जिल्ह्यात, पण धुळ्याच्या अगदी शेजारी आणि बोलीने व बाजाराने खानदेशाशी बांधलेले. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास स्थानिक मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला व्हिडिओ कॅमेरा, ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी अशी ती सामग्री. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात हा सारा उद्योग नोंदला गेला आहे. त्यात चित्रीकरणाच्या वेळी कॅमेराच पाण्यात पडतो आणि काम थांबते. पण चित्रपट पुढे पुरा होतो, कारण तंत्र जाणणारी माणसे हाताशी असतात आणि दृश्य पुन्हा घेता येते. याच गावात त्याच जातीचा कॅमेरा लग्नमंडपात बंद पडला असता, तर मात्र गोष्ट वेगळी. सप्तपदी पुन्हा घेता येत नाही.

आतली काच म्हातारी होते तेव्हा

येथवरचा इतिहास जुन्या यंत्राच्या बाजूचा आहे. डिजिटल कॅमेऱ्याने मात्र एक मूलभूत बदल केला आणि तो लक्षात न घेता जुन्या अनुभवाच्या जोरावर खरेदी करणे धोक्याचे आहे. गिलची काच दर खेपेस कोरी होती. डिजिटल कॅमेऱ्यातील 'काच', म्हणजे सेन्सर, यंत्राच्या आत कायमची बसवलेली असते. पेटी आणि फिल्म एकाच वयाच्या झाल्या. जुना डिजिटल कॅमेरा घेणारा एका अर्थी वापरलेली फिल्मही विकत घेतो.

याचा पुरावा २००५मध्ये जगासमोर आला. सोनीने बनवलेले काही सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होऊ लागले. आतील सूक्ष्म तारांचे सांधे सुटत होते. हे सेन्सर कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा अशा अनेक नाममुद्रांच्या कॅमेऱ्यांत होते. ऑक्टोबर २००५पासून या कंपन्यांनी सदोष मॉडेलांच्या याद्या जाहीर करून मोफत दुरुस्ती देऊ केली. ज्या जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जूनअखेर हवा ओलसर होते, तेथील वाचकाला या दोषाचे मर्म वेगळे सांगावयास नको. तोच पावसाळा लेन्सच्या आत बुरशी धरवतो; तिचे जाळे बॅटरीच्या उजेडात दिसते, छायाचित्रांच्या जाहिरातीत दिसत नाही.

शटरचेही तसेच. निर्माते त्याचे आयुष्य चाचणीवरून सांगतात: २००७च्या कॅनन ४०डीसाठी १,००,०००, त्याच वर्षीच्या निकॉन डी३००साठी १,५०,००० वेळा. एका लग्नात दोन हजार छायाचित्रे काढणारा छायाचित्रकार पन्नास लग्नांत पहिला आकडा गाठील. त्याने तो कॅमेरा पुसून, नवा पट्टा लावून विकला, तर बाहेरून काय कळणार? शिवाय कंपनीच व्यवसायातून गेली तर सुट्या भागांचे काय? कोनिका मिनोल्टाने २००६मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला, तेव्हा हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला.

म्हणजे बाबूराव पेंटरांच्या बोटांत जी गॅरंटी होती, ती आता आपल्या बोटांत राहिलेली नाही. 'रिफर्बिश्ड' हा शब्द नेमकी तीच उणीव भरून काढण्याचे आश्वासन देतो: कोणी तरी आपल्यासाठी यंत्र उघडून पाहिले आहे. मराठीत यास जीर्णोद्धार म्हणता येईल. परंतु जीर्णोद्धारात कधी पाया बदलतात, कधी नुसता चुना लावतात. निर्मात्याने स्वतः तपासलेला कॅमेरा आणि दुकानदाराने पुसून ठेवलेला कॅमेरा, दोहोंवर लेबल एकच असते. तेव्हा लेबलापेक्षा वॉरंटी कोणाची, किती महिन्यांची आणि लेखी आहे काय, हे पाहावे. पक्के बिल घेणेही तितकेच आवश्यक. ग्राहक संरक्षणाच्या १९८६च्या कायद्यात १९९३मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार आणि जुलै २०२०पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानुसारही, स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा हा ग्राहकच मानला जातो. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या तरुणाला हे ठाऊक असावे.

कागदाला विचारतो तेच यंत्राला

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६मध्ये धुळ्यास वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद हाती आला की अभ्यासक तीन गोष्टी विचारतो: हा मूळचा कोणाचा, कोणाकोणाच्या हातून येथवर आला, आणि यात मागाहून काय घातले वा काढले गेले. जुन्या कॅमेऱ्यालाही हेच विचारावे. पहिला मालक कोण व त्याने कोणते काम केले. शटर किती वेळा पडले. कोणता भाग बदलला व कोणी. ज्या विक्रेत्यापाशी याची उत्तरे नाहीत, त्याची किंमत कितीही कमी असली तरी ती जास्तच आहे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. शिकण्यासाठी, सरावासाठी, टेबलावरच्या चित्रासाठी, गावातल्या चित्रपटासाठी जुना कॅमेरा खुशाल घ्यावा. ज्यांनी तसा घेतला त्यांनी आपल्याला पुष्कळ दिले आहे. पण काम एकदाच होणारे असेल, तर एकट्या जुन्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. सोबत मोबाइल का होईना, दुसरे साधन असावे आणि त्याच संध्याकाळी छायाचित्रांची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. बाडाचे जे पान आज उलगडताना कडेला तुटले, ते पुढच्या वर्षी तेवढेही उरणार नाही. गिलच्या नकला जळाल्या तेव्हा भिंत निदान जागेवर होती. कसर लागलेल्या कागदाची भिंतच दिवसेंदिवस नाहीशी होत आहे, आणि नवा कॅमेरा परवडेपर्यंत थांबणे हीसुद्धा एक जोखीमच आहे.