मद्रासची आधाररेषा

चेन्नईच्या दक्षिणेस सेंट थॉमस माउंट नावाची लहानशी टेकडी आहे. १० एप्रिल १८०२ रोजी तिच्या पायथ्याच्या सपाट जमिनीवर विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने शंभर फुटी पोलादी साखळीने एक सरळ रेषा मोजावयास प्रारंभ केला. रेषेची लांबी होती सुमारे साडेसात मैल. तिला दिवस लागले सत्तावन. सामान्य माणूस जे अंतर सकाळच्या फेरीत चालून जाईल, त्यासाठी दोन महिने खर्ची घालणारा हा गृहस्थ मद्रासच्या हिशेबतपासनीसांना चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. श्रीरंगपट्टणास जावयाचे तर पालखीच्या मुकादमास सांगितले म्हणजे झाले, नकाशा कशाला हवा, असे त्यांच्यापैकी एकाने म्हटल्याचे सांगतात.

परंतु या एका रेषेवर साऱ्या हिंदुस्थानचा नकाशा उभा राहावयाचा होता. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने निघतात. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची साखळी टेकडीवरून टेकडीवर नेली की जमीन पावलापावलाने मोजण्याचे कारण उरत नाही. मात्र या युक्तीत एक धोका आहे. पहिल्या बाजूत राहिलेली चूक पुढील प्रत्येक त्रिकोणात त्याच प्रमाणात शिरते, आणि चित्राची आकृती निर्दोष दिसत असल्यामुळे ती पाहून कोणास संशयही येत नाही.

म्हणून लॅम्ब्टनची सारी चिंता साखळीविषयी होती. मद्रासच्या एप्रिल-मेच्या उन्हात पोलाद वाढते. उष्णतामान एका अंशाने, म्हणजे फॅरनहाइटच्या एका अंशाने, चढले की शंभर फुटी साखळी इंचाच्या सुमारे एकशेतिसाव्या भागाने लांब होते. ही वाढ क्षुल्लक वाटते. पण साखळी चारशे वेळा टाकावयाची असल्याने एका अंशाचा घोटाळा अखेर तीन इंचांचा होतो, दहा अंशांचा अडीच फुटांचा. साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी उष्णतामापके ठेवण्याचे कारण हेच. शिवाय वापराने कड्या झिजतात आणि साखळी आपोआप लांबते. तिची तुलना करण्याकरिता दुसरी साखळी निराळी राखून ठेवलेली होती.

एवढ्यावरही त्याचे समाधान झाले नाही. त्रिकोण बंगलोरपर्यंत पोचल्यावर १८०४ मध्ये तेथे दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली आणि तिची लांबी मद्रासहून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. सात मैलांत अंतर पडले चार इंचांहूनही कमी. पुढे मोजणी पश्चिम किनाऱ्यास भिडली, तेव्हा मद्रासहून मंगळुरापर्यंतचे जे अंतर जुने नकाशे चारशे मैल दाखवीत, ते तीनशे साठच निघाले. चाळीस मैलांचा मुलूख कागदावरून नाहीसा झाला! बंगलोरचा पडताळा हाती नसता, तर या निकालावर विश्वास ठेवणे कोणासही जड गेले असते.

कोन मोजण्याचे यंत्र, तो अर्ध्या टनाचा प्रचंड थिओडोलाइट, याची कथा निराळीच आहे. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती पडला, मॉरिशसला गेला आणि तेथील फ्रेंच गव्हर्नराने सौजन्याने परत पाठविला. युद्धातून सुखरूप सुटलेल्या या यंत्राचा घात १८०८ मध्ये तंजावरास झाला. तेव्हा तेथे सरफोजीराजे भोसले गादीवर होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेकुळाचा मराठी इतिहास कोरवून त्यांस पाच वर्षे झाली होती. कावेरीच्या त्या सपाट, नारळींनी झाकलेल्या प्रदेशात टेकडी नाही; म्हणून यंत्र त्याच मंदिरावर चढवावयाचे ठरले. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे तीन फूट व्यासाचे अंशवर्तुळ वाकले.

अंशवर्तुळ वेडेवाकडे झाले म्हणजे चूक मोठी फसवी होते. साखळीची चूक सर्वत्र सारखी असते. येथे एका दिशेस कोन अधिक, दुसऱ्या दिशेस उणा. लॅम्ब्टन निवडक कारागिरांसह तंबूत बंद होऊन बसला. एका फळीवर मूळ मापाचे वर्तुळ कोरून घेतले, पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेले कडे ताणून त्यात बसविले, आरे लाकडी हातोड्यांनी सरळ केले. सहा आठवड्यांनी यंत्र कामास लागले. तरीही त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यास त्या वर्तुळाचा पुरता भरवसा वाटला नाही. एकच कोन वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर पुनःपुन्हा वाचावयाचा, म्हणजे एका भागाचा दोष दुसऱ्याने भरून निघतो, ही शिस्त त्याने कसोशीने पाळली.

यंत्र निर्दोष असले तरी ओळंबा फसवू शकतो, हे पुढे उत्तरेत कळले. कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील अंतर ताऱ्यांवरून एक आणि त्रिकोणांवरून दुसरे आले; फरक सव्वापाच विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे एकशे साठ मीटरांचा. १८५५ च्या सुमारास कलकत्त्याचे धर्माधिकारी प्रॅट यांनी हिमालयाचे आकर्षण ओळंबा ओढीत असावे असे मांडले. पण हिशेबाने ही ओढ तिप्पट निघाली. त्यावर एअरी या ज्योतिषशास्त्रज्ञाने पर्वतांखाली हलक्या द्रव्याची मुळे असावीत असे सुचविले. एका मोजणीतील विसंगतीतून भूगर्भाविषयीची ही कल्पना निघाली.

आणि सर्वांत दीर्घायुषी चूक मद्रासेतच होती. रेखांशांचा आरंभ नुंगमबाक्कमच्या वेधशाळेपासून धरीत. ग्रिनिचपासूनचे तिचे अंतर गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांसारख्या आकाशीय वेधांवरून काढलेले; मोजणीखात्याने स्वीकारलेला आकडा होता ८० अंश १७ कला २१ विकला. तारायंत्राने दूरच्या वेधशाळांची घड्याळे एकमेकांशी जुळविता येऊ लागली, तेव्हा १८९४ ते १८९६ च्या वेधांनी हा आकडा ८० अंश १४ कला ४७ विकला असा ठरविला. वेळेच्या भाषेत फरक केवळ दहा सेकंदांचा; जमिनीवर साडेचार किलोमीटरांहून अधिक. साखळी शुद्ध होती, कोन शुद्ध होते, गावागावांतील अंतरे तंतोतंत होती. सारा देशच कागदावर थोडा पूर्वेकडे सरकलेला होता. आतल्या आत कितीही पडताळे घेतले असते तरी हा दोष सापडला नसता. त्यासाठी तार थेट युरोपपर्यंत जावी लागली.

लॅम्ब्टनला यातले काही कळावयाचे नव्हते. आपली त्रिकोणमाला उत्तरेकडे नेत असता २० जानेवारी १८२३ रोजी तो विदर्भात हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. वेधशाळेचे काम १८९९ मध्ये कोडाईकनालला गेले. जुन्या नकाशांच्या समासात मात्र रेखांशांतून सुमारे अडीच कला वजा कराव्यात अशी सूचना छापलेली आढळते.