न रुतलेला काटा : शाकुंतल आणि तुलनेचा वर्ग

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना एखाद्या साहित्यकृतीची तुलना चित्राशी, नाट्यप्रयोगाशी वा चित्रपटाशी करावयास सांगितली, की बहुधा दोन रकान्यांचा एक तक्ता तयार होतो. एका रकान्यात साम्ये, दुसऱ्यात भेद. अमुक प्रसंग पुस्तकात आहे, चित्रपटात नाही. अमुक पात्र गाळले आहे. शेवट बदलला आहे. आणि अखेरीस 'मूळ पुस्तकच सरस' असा निकाल. हा तक्ता चुकीचा असतो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो जेथे संपतो, तेथून खरी तुलना सुरू व्हावयास हवी. भेद आहे हे सांगणे ही नोंद झाली. तो भेद का पडला, माध्यमाने तो पाडणे भाग पाडले की कलावंताने तो स्वेच्छेने पाडला, हे विचारणे म्हणजे तुलना. हा दुसरा प्रश्न शिकवण्याची परंपरा जुनी आहे, आणि तो शिकवण्याचे एक उत्तम साधन आपल्या अगदी हाताशी आहे. ते साधन म्हणजे शकुंतलेची कथा.

एका कलेवाचून दुसरी कळत नाही, हा विचार आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात संवादरूपाने आला आहे. हे पुराण साधारणतः इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांतील मानले जाते. वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवण्याचे शास्त्र विचारतो. ऋषी सांगतात, चित्रसूत्र जाणल्याशिवाय मूर्तिलक्षण कळणार नाही. राजा चित्रसूत्र मागतो, तर त्यासाठी आधी नृत्य हवे. नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गीत. मूर्ती विचारावयास आलेल्या शिष्याला गुरू गाण्यापर्यंत मागे नेतो. पलीकडे ग्रीक-रोमन जगातील वक्तृत्वशाळांत, ऐन किशोरवयातील विद्यार्थ्यांना एखादी वास्तू, लढाई किंवा मूर्ती शब्दांत अशी उभी करावयास लावीत, की ऐकणाऱ्याला ती डोळ्यांसमोर दिसावी. चौथ्या शतकातील अफ्थोनियसच्या पाठांत हा वर्णनाचा सराव नेमून दिलेला आहे. म्हणजे माध्यमांतर हा वर्गातील नवा खेळ नव्हे.

या परंपरेला नेमका प्रश्न दिला तो जर्मन समीक्षक लेसिंग याने, १७६६ सालच्या 'लाओकून' या ग्रंथात. १५०६ मध्ये रोम येथे सापडलेल्या शिल्पात सर्पांनी विळखा घातलेल्या लाओकूनचे तोंड अर्धवटच उघडलेले आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यात मात्र तोच लाओकून भीषण आक्रोश करतो. विंकेलमान याने १७५५ मध्ये शिल्पातील संयमाचे श्रेय ग्रीकांच्या थोर मनाला दिले होते. लेसिंगने कारण वेगळे शोधले. दगडात कोरलेला वासलेला जबडा कायमचा तसाच राहतो आणि पाहणाऱ्याला तो कुरूप वाटू लागतो. काव्यातील किंकाळी मात्र पुढच्या ओळीत ओसरते. चित्र आणि शिल्प एकच क्षण दाखवू शकतात, काव्य क्षणांची मालिका दाखवू शकते. म्हणून चित्रकाराने असा क्षण निवडावा ज्यातून मागचे आणि पुढचे दोन्ही सुचेल. लेसिंगची विभागणी पुढे अनेकांनी अपुरी ठरवली, आणि ती अपुरी आहेच. परंतु भेदाचे कारण पात्राच्या स्वभावात शोधण्याआधी माध्यमाच्या स्वभावात शोधावे, ही त्याची शिकवण वर्गात आजही उपयोगी पडते.

आता शकुंतलेकडे वळू. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकाच्या अखेरीस शकुंतला सख्यांबरोबर आश्रमाकडे निघते आणि थबकते. पायात दर्भाचा अंकुर रुतला, वल्कल फांदीला अडकले, असे ती म्हणते. रंगसूचनेतच बहाण्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या अंकात दुष्यंत हाच प्रसंग विदूषकाला सांगतो तेव्हा उलगडा पुरा होतो: तसे कारण काही नसतानाच ती थांबली, आणि वल्कल कोठेही अडकलेले नसताना ते सोडवण्याच्या निमित्ताने तिने तोंड मागे वळवले.

राजा रविवर्मा यांनी हाच क्षण निवडला. सखीच्या खांद्यावर हात टेकलेला, एक पाय मागे उचललेला, हात त्या पायाकडे गेलेला आणि मान वळलेली, ही शकुंतला आपल्यापैकी बहुतेकांनी मूळ नाटक वाचण्यापूर्वी पाहिलेली असते. दुष्यंत चित्रात नाही. तिची नजर चौकटीच्या बाहेर जाते. लेसिंगच्या कसोटीवर हा क्षण अगदी चोख उतरतो. परंतु येथे विद्यार्थ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवावा: तिच्या पायात काटा आहे की नाही? चित्र काटा काढण्याची क्रिया दाखवू शकते; काटा नाही हे कसे दाखवणार? 'नाही' हा शब्द रंगांत नसतो. नाटककाराला एका शब्दात जे सांगता येते, ते सांगण्यासाठी चित्रकाराला मानेचा कोन आणि नजरेची दिशा वापरावी लागते. पाय एका दिशेला, डोळे दुसऱ्या दिशेला. या विसंगतीतून पाहणाऱ्याने बहाणा ओळखावयाचा. कथा ठाऊक नसलेल्याला मात्र तेथे काटा रुतलेली एक सुंदर मुलगी दिसेल. हा प्रश्न घेऊन चित्राकडे दहा मिनिटे पाहणारा वर्ग माध्यम म्हणजे काय हे व्याख्येवाचून शिकतो.

कालिदासाने स्वतःही असा एक वर्ग भरवला आहे, सहाव्या अंकात. अंगठी सापडल्यावर पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो. चतुरिका चित्रफलक घेऊन येते, विदूषक त्याची वाखाणणी करतो, अदृश्य असलेली सानुमती ते पाहते. आणि राजा मात्र अजून काय काढावयाचे राहिले आहे याची यादी सांगू लागतो: वाळूत हंसांच्या जोड्या विसावलेली मालिनी नदी, हिमालयाच्या पायथ्याशी बसलेली हरणे, फांद्यांवर वल्कले वाळत घातलेला वृक्ष, त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा घासणारी हरिणी. कानावरचे शिरीषाचे फूल राहिले, छातीवरची कमळतंतूंची माळ राहिली. पुढे चित्रातल्या भुंग्याला तो खरा समजून दटावतो. हे चित्र आहे अशी विदूषक आठवण देतो, तेव्हा त्याचे उरलेसुरले सुखही जाते; आणि अखेर अश्रूंमुळे त्याला चित्रातलीही शकुंतला दिसेनाशी होते.

या एका प्रसंगात तिन्ही गोष्टी आहेत. चित्र काय करू शकते: नसलेल्या माणसाला समोर आणू शकते, इतके की पाहणारा भान हरपतो. चित्र काय करू शकत नाही: ते बोलत नाही, आणि क्षमाही करीत नाही. शब्द काय करू शकतात: जे चित्रात कधीच उतरले नाही, ते प्रेक्षकाच्या मनात रंगवू शकतात. न काढलेली ती हरिणी आपल्याला फलकावरच्या शकुंतलेहून अधिक स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांना राजाची यादी देऊन ते चित्र पुरे करावयास सांगावे. हरिणीचा विश्वास कसा काढावा, या अडचणीपाशी पेन्सिल थांबली, की धडा पोचला असे समजावे.

संगीताचा धडा पाचव्या अंकाच्या आरंभी आहे. हंसपदिकेचे गाणे पडद्याआडून ऐकू येते. शापामुळे शकुंतलेची आठवण पुसली गेलेला राजा ते ऐकून उगाच व्याकूळ होतो. कोणाच्या विरहाने, ते त्याला कळत नाही. शब्दांना विषय लागतो, चित्राला रूप लागते. सुराला यांतले काहीच न लागता तो जन्मांतरीच्या ओढीसारखे काही जागे करतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग केला तेव्हा सुराच्या या सामर्थ्याला मराठी रंगभूमीवर नवे घर मिळाले. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ पासूनच्या नाटकांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. किर्लोस्करांची पात्रे स्वतः गाऊ लागली. संस्कृत श्लोकाचे पद झाले, म्हणजे केवळ भाषा बदलली असे नव्हे, तर त्याला लागणारा काळही बदलला. कण्वाचा निरोप वाचण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ गायक तो लांबवू शकतो, आणि प्रेक्षक 'वन्समोर' देऊन निरोपाची घडी पुन्हा मागवू शकतो.

एक गोष्ट मात्र या प्रवासात हरवली. कालिदासाच्या नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. मराठीत दोघेही मराठीच बोलू लागली. आश्रमकन्या आणि राजा यांच्यातील अंतर जे भाषेतच ऐकू येत होते, ते आता नटाच्या चालण्याबोलण्यातून दाखवावे लागले. शिवाय ही शकुंतला पुरुषनट उभी करीत. १९०५ मध्ये मिरजेला बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत पदार्पण केले ते याच भूमिकेतून. व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेचा पहिला चित्रपट, १९४३ चा 'शकुंतला', आला तेव्हा जयश्रीबाईंचा चेहरा पडदाभर दिसू शकत होता. रंगभूमीवर मागच्या रांगेसाठी जो भाव मोठा करून दाखवावा लागे, तो कॅमेऱ्यापुढे पापणीच्या हालचालीत मावतो. प्रत्येक ठिकाणी काही मिळाले, काही गेले. ही जमाखर्चाची वही मुलांनी स्वतः मांडावी.

पण हे सारे शिकवण्यात एवढे काय अडले आहे, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर महाभारताच्या आदिपर्वात आहे. तेथे शाप नाही, अंगठी नाही. तेथील शकुंतला विवाहापूर्वीच आपल्या पुत्राला राज्य मिळावे अशी अट घालते. पुढे ती मुलाला घेऊन राजसभेत येते. राजाला सारे आठवत असूनही तो ओळख नाकारतो. आणि ती बोलते. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्याचे वजन हजार अश्वमेधांहून अधिक कसे, हे ती भर सभेत सुनावते. आकाशवाणी होते ती त्यानंतर. कालिदासाने शाप आणून राजाला दोषमुक्त केले हे खरे. पण त्याचीही शकुंतला मुकी नाही. पाचव्या अंकात ती दुष्यंताला 'अनार्य' म्हणते. मग ही बोलणारी शकुंतला गेली कोठे?

आमच्या मते तिचा आवाज बराचसा क्षणांच्या निवडीत हरवला. लोकांच्या डोळ्यांत जी चित्रे राहिली, ती पहिल्या आणि तिसऱ्या अंकांतली: मागे वळून पाहणारी आणि कमळपत्रावर पत्र लिहिणारी. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा यांचा शिळाछापखाना सुरू झाला. तेथून आरंभी छापल्या गेलेल्या चित्रांतही शकुंतलाजन्माचे चित्र होते. ही छापील चित्रे घरोघरी, भिंतीभिंतीवर पोचली, आणि पाहणाऱ्यांच्या पिढ्यांनी शकुंतला त्या रूपांत ओळखली. यात चित्रकाराला दोष देण्याचे कारण नाही. चित्र एकच क्षण घेऊ शकते, आणि त्याने घेतला. पण तो एक क्षण म्हणजेच शकुंतला, असे मानून बसलेल्या मुलीला किंवा मुलाला राजसभेतली बाई कधी भेटतच नाही. रोमिला थापर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात महाभारतातील, कालिदासाची आणि नंतरच्या काळातील शकुंतला शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येक काळाने आपल्याला हवी तशी शकुंतला कशी घडवली ते दाखवले आहे. इतिहासकाराने मोठ्या ग्रंथात केलेले हे काम दहावीच्या वर्गात चार तासिकांत, लहान प्रमाणावर, खचित करता येते.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे असे म्हटले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला इतर विषयांत गुंफण्याचा आग्रह धरला. या आग्रहाचा अर्थ धड्याखाली एक चित्र चिकटवणे असा घेतला गेला, तर साहित्य आणि चित्र दोघांचेही नुकसान आहे. शिक्षकाने चारच प्रश्न धरून ठेवावेत, असे आम्ही सुचवू. या कलावंताने कोणता क्षण निवडला? कोणता टाळला? टाळला तो माध्यमामुळे, की त्याच्या काळाला तो नको होता म्हणून? आणि टाळलेल्या क्षणी कोण बोलत होते?

चौथा प्रश्न अखेरीस विचारावा. तोवर मुलांच्या हातात पहिल्या तिघांची उत्तरे आलेली असतील. मग त्यांना आदिपर्वातला राजसभेचा प्रसंग वाचावयास द्यावा आणि सांगावे, की याचे चित्र काढा. कसे काढावे याचा नमुना त्यांच्यापुढे नसेल. तो नसावा, हेच उत्तम.