एका घड्याळात चार घड्याळं

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा हल्ली मोबाइलच्या पडद्यावर विकायला आलेलं साठच्या दशकातलं मनगटी घड्याळ उघडलं, तर आत पुष्कळदा तीन-चार घड्याळं सापडतात. तबकडीवर फेवर-ल्यूबाचं नाव असतं, मशीन त्याच कंपनीचं पण भलत्याच मॉडेलचं, काटे एचएमटीचे, केस तिसऱ्याच कुणाची आणि चावी त्या दिवशी दुकानात जी मिळाली ती. संग्राहक अशा घड्याळाकडे नाक मुरडून पाहतात. भडक रंगात नव्याने छापलेल्या तबकड्यांच्या घड्याळांना त्यांच्या जगात ‘मुंबई स्पेशल’ असं कुत्सित नावही पडलं आहे. फसवणुकीचा माल त्यात आहेच, आणि त्याची बाजू घेण्याचं कारण नाही. पण सरसकट सगळ्या जुळवलेल्या घड्याळांना बनावट म्हणणाऱ्यांना एका प्रदेशाचा दुरुस्तीचा इतिहास वाचता येत नाही, असं मला वाटतं. असं घड्याळ विकत घेऊन नीट करायचं, तर आधी तो इतिहास माहीत हवा.

मुंबईचा स्विस घड्याळांशी संबंध जुना. फेवर-ल्यूबाने १८६५ मध्ये इथे बस्तान बसवलं. १८८६ मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनी याच शहरात सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी फौजेच्या मनगटावर तिची घड्याळं गेली. माल येत होता तोवर सुटे भागही येत होते. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली, आयातीवर कडक बंधनं आली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं कलम १२३ या संदर्भात मुद्दाम पाहावं. तस्करीचा रास्त संशय घेऊन जप्त केलेला माल तस्करीचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते कलम बाळगणाऱ्यावर टाकतं, आणि ज्या मोजक्या वस्तूंना ते लागू आहे त्यांत सोन्याच्या जोडीने घड्याळाचं नाव आहे. सरकारच्या लेखी घड्याळ इतकं मोलाचं आणि इतकं संशयास्पद होतं. सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना सुरू केला, तरी घरातलं जुनं स्विस घड्याळ कुणी फेकून दिलं नाही. बॅलन्सचा दांडा मोडला की घड्याळजी दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून तो काढत असे. भाग कुठला आहे हा प्रश्न त्याला परवडणारा नव्हता. बसतो का, एवढाच प्रश्न होता.

ही रीत एकट्या घड्याळजीची नव्हती, हे पाहायला भिवंडीजवळच्या राहनाळकडे यावं लागतं. ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात आज नजरेत भरतात ती गोदामं. पण भिवंडीची ओळख घडली ती यंत्रमागावर. यातले पुष्कळ माग मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले, भंगाराच्या किंवा जुन्या मालाच्या भावात घेतलेले. गिरणीत छताखालच्या लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणारा माग इथे आला की त्याला स्वतंत्र मोटर बसे, साध्या मागावर नक्षीसाठी डॉबी चढे, एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याची चाकं एकत्र येत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापडाचं काम इकडे आणखी सरकलं, ते अशा जुळवलेल्या यंत्रांवरच. त्या मागाला कुणी बनावट म्हटलं नाही. कापड नीट उतरलं की माग खरा.

यावर आक्षेप येईल, की माग हे अवजार आहे आणि जुनं घड्याळ ही जपायची वस्तू. दोघांना एक माप कसं लावता? आक्षेप अर्धाच खरा आहे. आज जपायची झालेली एचएमटीची ‘जनता’ किंवा वेस्ट एंडची ‘सोवार’ तिच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं अवजारच होती. पाळीची वेळ, गाडीची वेळ, शाळेची घंटा यांसाठी ती मनगटावर होती. तिच्या अंगावरच्या दुरुस्त्या त्या काळातल्या आहेत. त्या पुसल्या तर उरतं ते दुकानाच्या काचेमागचं पहिल्या दिवसाचं घड्याळ. मधली चाळीस-पन्नास वर्षं गायब होतात.

शिवाय ‘मूळ’ म्हणजे काय, याचं उत्तर स्वित्झर्लंडमध्येही सरळ नाही. तिथला धंदा शतकानुशतकं विखुरलेला होता: एका खोऱ्यात चाकं, दुसरीकडे काटे, तिसरीकडे केस, आणि कुणीतरी व्यापारी हे सगळं एकत्र करून आपलं नाव घालणार. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेला गेलेले लाँजीनचे जाक दाविद तिथले कारखाने पाहून हादरले, कारण वॉल्थमसारख्या कंपन्या अदलाबदल करता येतील असे एकसारखे भाग यंत्रावर काढत होत्या. पुढे स्विसांनीही ते आत्मसात केलं, तरी विखुरलेपण गेलं नाही. विसाव्या शतकात ए. शिल्ड किंवा एफएचएफ यांचं एकच कच्चं मशीन डझनावारी कंपन्यांच्या नावाखाली विकलं जात होतं. कच्ची मशीनं आणि सुटे भाग परदेशी जाऊन तिथे घड्याळं जुळू नयेत, म्हणून १९३४ पासून स्विस सरकारने त्यांच्या निर्यातीवर परवान्याचा लगाम घातला. म्हणजे भागांतून घड्याळ जुळवणं ही मुंबईची खोड नव्हे. स्विस धंद्याची ती जुनी पद्धत आणि जुनी भीतीही होती. एकाच कॅलिबरच्या, म्हणजे एकाच नमुन्याच्या, दोन मशीनांतला बॅलन्स त्याच्या हेअरस्प्रिंगसकट बदलला, तर ज्या सोयीसाठी ते मशीन बनवलं तिचाच घड्याळजीने उपयोग केला.

सगळ्यात वजनदार आक्षेप फसवणुकीचा. तबकडी नव्याने छापायची, तिच्यावर कंपनीने कधी न काढलेला रंग आणि नाव घालायचं आणि ‘मूळ स्थितीतलं’ म्हणून विकायचं, ही लबाडी आहे. मात्र लबाडी भाग बदलण्यात नसून न सांगण्यात आहे, आणि हा फरक घड्याळातच वाचता येतो. तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. पाय कापून तबकडी चिकटवली असेल, तर ती दुसऱ्या मशीनची. छापलेल्या मिनिटांच्या रेघा आणि धातूचे उठावदार आकडे एका ओळीत नसतील, तर छपाई नंतरची. मिनिटकाटा रेघांपाशी पोचत नसेल किंवा त्यांच्या पलीकडे जात असेल, तर काटे उसने. यातला प्रत्येक बदल गुन्हा नाही. पण किंमत ठरवण्याआधी तो कळायला हवा. स्मारकांच्या जतनाबद्दल १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली, तिच्यातली दोन तत्त्वं इथे चपखल बसतात: प्रत्येक काळाने घातलेली योग्य भर जपावी, कारण एकजिनसीपणा हे उद्दिष्ट नव्हे, आणि नव्याने बसवलेला भाग एकूण रूपाशी जुळावा पण मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा.

म्हणून जुळवलेलं घड्याळ नीट करणाऱ्याने दोन प्रकारचे बदल वेगळे काढावेत. चालण्यासाठी झालेली दुरुस्ती बसत असेल तर ठेवावी, मग केस परकी असो की काटे. भलतं हेअरस्प्रिंग वेळ चुकवतं आणि जबरदस्तीने ठोकलेला दांडा मशीन खातो. हे दोन्ही मात्र काढलेच पाहिजेत. नव्या छपाईची तबकडी ओरबाडून पुन्हा ‘मूळ’ छापण्यात अर्थ नाही, ती तिसरी छपाई होईल. शुद्धतेच्या हट्टाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. एचएमटीच्या घड्याळ कंपन्या २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, जुन्या स्विस कॅलिबरचे भाग कधीचे बनायचे थांबलेत. तेव्हा एका घड्याळाला त्याचे सगळे ‘खरे’ भाग मिळवून द्यायचे, तर ते दुसऱ्या दोन-तीन चालू शकणाऱ्या घड्याळांतून काढावे लागतात. शुद्ध झालेलं घड्याळ संग्राहकाच्या पेटीत जातं, आणि बाजारात परत येतात ती उरलेल्या भागांतून जुळवलेली आणखी काही घड्याळं.